आजीचं जातं न्हाणीपुढं पायरी होऊन पडलंय. घरी आणावं का, आणि आणून काय करावं?

पोळपाट-लाटणं

नमस्कार. इथं वाचते बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदा.

माझं माहेर नातेपुते आणि माळशिरसच्या मधे, अगदी रस्त्याला लागून. ज्ञानोबा माउलींची पालखी आमच्या दारावरून जाते. गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला की जुनं घर पाडायचं ठरलंय, तुला काय न्यायचं असेल ते येऊन घेऊन जा. गेले. पितळी घागर, आईचा पाटा-वरवंटा, भिंतीवरचे दोन फोटो काढून ओसरीवर ठेवले. हात काळे झाले म्हणून न्हाणीकडं गेले, आणि ज्या दगडावर पाय ठेवला तो गोल होता. वाकून पाहिलं. आजीच्या जात्याची वरची तळी. तोंडात माती भरलेली, तिच्यात हरळी उगवलेली. खुंट्याच्या भोकात साबणाचा वाळका तुकडा अडकलेला.

वीस-बावीस वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या दगडावर टाचा घासल्या. मीही. दिवाळीला, राखीपौर्णिमेला माहेरी यायचे, तिथंच पाय धुवायचे आणि घरात जायचे. एकदाही खाली बघितलं नाही.

आजी पहाटे तीनला उठायची. एक पाय दुमडून, एक लांब सोडून जात्याला बसायची. मी चार-पाच वर्षांची असेन, झोप मोडली की तिच्या त्या लांब सोडलेल्या मांडीवर डोकं ठेवून परत झोपायचे. जात्याची घरघर मला कानानं ऐकू येत नव्हती, तिच्या मांडीच्या हाडातून माझ्या डोक्यात यायची. आजही प्रवासात गाडीच्या खिडकीला डोकं टेकलं की तेच आठवतं. दर थोड्या वेळानं घरघर जरा हलकी व्हायची, म्हणजे मूठभर ज्वारी वैरायची वेळ झाली. परत जड व्हायची. आणि वरून ओवी. एकच धड आठवते, तिची तिनंच जोडलेली:

माझ्या दारावरनं वाट पंढरीची गेली
दळता दळता बाई दिंडी कानानं पाहिली

नातेपुत्याचा मुक्काम हलला की पुढच्या दिंड्या अंधारातच आमच्या दारावरून निघायच्या. टाळ-मृदंग ऐकू यायचे, आणि ही आत माजघरात पिठात. पंढरपूर आमच्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. आजी आयुष्यात एकदाही पंढरीला गेली नाही. कारण त्या दिवसांत आमच्या दारात वारकरी जेवायला असायचे आणि भाकरी हिनंच थापायच्या.

आता अडचण सांगते. मी चिंचवडला पोळी-भाजीचं काम करते. रोज तीनशे-साडेतीनशे पोळ्या जातात. दोन खोल्यांचं घर आहे, दुसऱ्या मजल्यावर. जाऊबाई म्हणतात, मोडत्या घरातलं जातं आणू नये, आणायचंच तर देव्हाऱ्याशेजारी ठेव आणि हळदकुंकू वाहा. मुलगा म्हणतो, गॅलरीत कुंडीखाली ठेवू, छान दिसेल. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते मला नीट सांगताही येत नाही. पायाखालून काढून एकदम देव्हाऱ्यात ठेवलं की आपली चूक मिटते का?

कुणाला जात्याची माहिती असेल तर सांगा. ते परत चालू होतं का? खालची तळी तुळशीवृंदावनाच्या पायात बसवलेली आहे असं भाऊ म्हणतो.

---

भीमाकाठ

ताई, मी पंढरपूरचा. तुमच्या आजीची ओवी वाचून गोपाळपूर आठवलं. पंढरपुराला लागूनच आहे, आषाढी पौर्णिमेला सगळ्या दिंड्या काल्याला तिथं येतात. तिथं देवळात जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. माणसं त्याला हात लावतात, खुंटा धरून बघतात. मी लहानपणापासून पाहतोय, बायका त्याच्यापुढं जरा जास्तच रेंगाळतात. विठ्ठलाच्या गाभाऱ्यात ढकलाढकली असते, इथं कुणी ढकलत नाही. एखादी म्हातारी खाली बसते, खुंट्यावर मूठ ठेवते, काही न बोलता उठते. ती जात्याच्या पाया पडत नाही. धरायचं कसं ते हाताला अजून आठवतंय का, तेवढं बघते.

जनाबाई गंगाखेडची. पोरवयात नामदेवांच्या घरी आली आणि तिथं दळण, कांडण, सारवण, गोवऱ्या यातच तिचा जन्म गेला. ती म्हणते, ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’. दळून झाल्यावर गाईन असं म्हणत नाही. अरणचे सावतोबा मळा सोडून वारीला गेले नाहीत, त्यांना कांदा-मुळ्यातच विठाई दिसली. आणि आमच्या देवाच्या पायाखाली तरी काय आहे? वीट. पुंडलिकाचे हात आईवडिलांच्या सेवेत गुंतलेले, म्हणून जवळ पडलेली वीट त्यानं मागं सरकवली. कुणी घडवलेली नाही, पुजलेली नाही, घराशेजारी पडलेली साधी वीट.

म्हणून माझं मत, जातं आणा. देव्हाऱ्यात ठेवायची घाई करू नका.

---

टाकीचा-घाव

ताई, आमचं घराणं पाथरवटाचं. वडील सायकलला पिशवी अडकवून गावोगाव ‘जात्याला टाकी’ असं ओरडत फिरायचे, मी कॅरेजवर. आता मी फरशी-ग्रॅनाइटचं काम करतो, पण जात्याला टाकी, म्हणजे दळायच्या बाजूला छिन्नीनं बारीक खड्डे पाडणं, अजून लावतो. विचारलंत म्हणून नीट सांगतो.

पहिलं, तळी काढताना पहार थेट दगडाच्या कडेला लावू नका. कडेचा टवका गेला की पीठ तिथूनच सांडतं. भोवतीची माती ओली करून मोकळी करा, मग दोघांनी उचला. वृंदावनाच्या पायातली तळी सिमेंटमधे असेल तर छिन्नीनं सिमेंट फोडा, दगड नको. खालच्या तळीच्या मधे लोखंडी खीळ असते, ती गंजलेली असणार. खीळ बदलता येते. दगड बदलता येत नाही, कारण दोन्ही तळ्या एकमेकींवर घासून जुळलेल्या असतात. दुसऱ्या जात्याची तळी आणून बसवलीत तर ती डुगडुगते.

घासायला साबण, ॲसिड काही वापरू नका. साधं पाणी आणि काथ्या. दोन-तीन दिवस कडक उन्हात पडू द्या. तोंडातली हरळी ओढून काढू नका, बारीक सळईनं माती मोकळी करून मग काढा.

मग दोन्ही तळ्यांची दळायची बाजू बोटांनी तपासा. डोळ्यांनी कळत नाही. वडील डोळे मिटून हात फिरवायचे. जिथं टाक्यांचे खड्डे अजून बोटाला लागतात तिथं दगड जागा आहे. जिथं बोट घसरतं तिथं निजलाय. हा शब्द त्यांचाच. टाकी मधून कडेकडं लावत यायची, कडेला बारीक. फार खोल मारली तर पीठ जाडंभरडं येतं, वरवर मारली तर चार दळणांत निजतो.

टाकी लावल्यावरचं पहिलं दळण खायचं नाही. कोंडा किंवा जुनी ज्वारी घालून तीन-चार वेळा दळून काढायची, दगडाची कच निघून जाते. ते पीठ गुरांनाही घालू नका, झाडाच्या मुळाशी टाका. आणि जातं रिकामं ओढू नका, दगडावर दगड घासला की दोन्ही खराब होतात. आमच्याकडं रिकामं जातं ओढणं अशुभ मानतात, त्यामागं कारण हे.

आता एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी सांगतो. वरची तळी उन्हात ठेवली की खुंट्याच्या भोकाकडं बघा. जातं ढकलत नाहीत, ओढतात. एकटी बाई वर्षानुवर्षं ओढत असली की भोक एका अंगाला झिजून लांबट होतं. दोघी समोरासमोर बसून दळत असल्या तर जवळजवळ गोल राहतं. वडील भोकात बोट घालून घरच्या बाईला विचारायचे, ‘एकटीच दळतीस का, माय?’ आणि खूप बायका त्या एका प्रश्नाला रडायच्या. मला लहानपणी कळायचं नाही की हा माणूस दगडाचं काम करायला आलाय की रडवायला. टाकीचे पैसे ते घ्यायचे, पण अशा घरी पाणी पिऊन थोडा वेळ बसायचे.

बघा तुमच्या आजीचं भोक कसं आहे.

---

माजघर

मला इथं थोडं वेगळं म्हणायचंय. राग मानू नका.

आम्ही सहा भावंडं. आईला पहाटे उठवायला आजी दाराच्या चौकटीवर काठी मारायची. बाळंतपणाचा सव्वा महिना संपला की परत जात्याला. हाताला घट्टे, खांदा कायमचा धरलेला. 1972 च्या दुष्काळात दिवसा खडी फोडायची आणि पहाटे सरकारनं दिलेला लाल मिलो, परदेशी ज्वारी, दळायचा. पीठ विरी, म्हणजे चिकटपणा, धरायचं नाही, भाकरी थापता थापता चिरायची, आणि त्याचाही बोल हिलाच. पुढं गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी आईनं गिरणीला नारळ फोडला. माझ्या आईनं मनापासून केलेली पूजा मी एवढी एकच पाहिली.

तेव्हा जात्यात देव होता असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, मग बायकांनी ते इतक्या आनंदानं का सोडलं?

पण ओव्यांचं मी मान्य करते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी 1980 च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. 2017 पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर ऐकायलाही मिळतात. मी रात्ररात्र ऐकल्या आहेत. विठ्ठल-रुक्मिणी आहेत, राम-सीता आहेत, भाऊ आहे, माहेर आहे. त्याच्याइतकंच सासूचं बोलणं, नवऱ्याचा मार आणि लेकीच्या जन्माला आल्याचं दुःख आहे. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. जी गोष्ट त्या घरात कुणापुढं बोलू शकत नव्हत्या ती जात्यापुढं बोलल्या. घरघरीत बाहेर ऐकू जायचं नाही.

माझ्या आईनं काय गायलं ते मी ऐकलंच नाही. मी झोपलेली असायची. हे तुम्हाला सांगताना आत्ता मला त्रास होतोय.

---

पोळपाट-लाटणं

माजघरताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं आणि मग पोळ्या करायला गेले, तर दिवसभर तेच डोक्यात. माझी आजीही मिलो दळायची, खडी फोडायला जायची. आई सांगायची. मी फक्त मांडीवरची ऊब लक्षात ठेवली, कारण मला तेवढीच मिळाली. तिचा खांदा कसा होता ते मी कधी विचारलंच नाही.

टाकीच्या-घाव दादा, भोक लांबट आहे. चांगलंच. करंगळीचं एक पेर एका अंगाला जास्त. भावानं तळी उन्हात ठेवली होती, तिथंच उकिडवी बसून मी बोट घातलं. आत इतकं गुळगुळीत की दगड वाटेना. आजोबा लवकर गेले, चुलती लग्न होऊन आली तोवर गावात गिरणी आलेली. म्हणजे ती सगळी वर्षं आजी एकटीच. तुमच्या वडिलांनी विचारलं असतं तर ती रडली असती का, सांगता येत नाही. कदाचित त्यांनाच भाकरी वाढली असती.

दोन्ही तळ्या टेम्पोत घालून आणल्या. दुसऱ्या मजल्यावर चढवताना दोन हमाल लागले.

---

हळकुंड

आमच्याकडं अजून लग्नात जात्याला हळकुंड-सुपारी बांधतात आणि पाच सवाष्णी थोडी हळद दळतात. एरवी वर्षभर ते जिन्याखाली पोत्यात गुंडाळलेलं असतं. परवा पुतणीच्या लग्नात पाचजणींपैकी एकीलाही ओढता येईना. शेवटी जिला बोलावलं नव्हतं ती आमची विधवा मावशी उठली आणि तिनं दळून दिलं. त्या हळदीनंच नवरी पिवळी झाली. कुणी काही बोललं नाही. मला मात्र त्या दिवसापासून ते जातं वेगळंच दिसतं.

---

पोळपाट-लाटणं

हळकुंड, मावशींना माझा नमस्कार सांगा.

सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, म्हणून पुढं काय झालं ते सांगते. नाहीतर विचारून गप्प बसल्यासारखं होईल.

दादांनी सांगितलं तसं केलं. टाकी लावायला आमच्या भाजी मंडईमागं एक म्हातारे पाथरवट मिळाले. त्यांनीही आधी डोळे मिटून हात फिरवला, तेव्हा मला तुमचे वडील दिसले. वरच्या तळीला मधे दगड निजलेला, कडेला जागा. दोन तास बसून त्यांनी टाकी लावली. खीळ नवी, खुंटा बाभळीचा. कोंडा चार वेळा दळून काढला आणि सोसायटीच्या पारिजातकाच्या मुळाशी घातला.

जातं देव्हाऱ्याशेजारी नाही आणि गॅलरीतही नाही. ओट्याच्या खाली, जिथं पिठाचे डबे असतात तिथं पोतं अंथरून ठेवलंय. जाऊबाईंना सांगितलं, ते कामाचं आहे, कामाच्या जागी राहू दे. त्या काही बोलल्या नाहीत. पण काल आल्या तेव्हा त्यांनी पाय जपून बाजूनं टाकला हे मी पाहिलं.

गुरुवारी सुट्टी असते. पहाटे उठले आणि एक वाटी ज्वारी घेतली. आजीसारखी बसायला गेले, तर एक पाय दुमडून बसणं मला आता जमेना. गुडघा वर येतो. शेवटी दोन्ही पाय लांब करून, जातं मधे घेऊन बसले. मूठ वैरली, ओढलं. पहिला फेरा गेला, दुसऱ्याला अडकलं. वैरण जास्त झाली होती. तोंडातली काढली, मग चार-चार दाणे घालत गेले. कडेनं पीठ उतरायला लागलं, आधी एका जागी, मग गोल सगळीकडून, पांढरं. एका वाटीला पाऊण तास लागला. खांदा त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही दुखला. माजघरताई, तुमच्या आईंची आठवण प्रत्येक फेऱ्याला येत होती, हे खोटं नाही. मला एका वाटीनंतर उठता आलं. त्यांना नव्हतं.

आणि तरी. मांडीच्या हाडातून ती घरघर वर यायला लागली तेव्हा मी थांबले नाही. या वेळी डोकं ठेवणारं कुणी नव्हतं, मांडी माझी होती. आजीला मी कुशीत झोपल्यावर काय जाणवत असेल ते मला पहिल्यांदा कळलं. पोराचं डोकं जड असतं, पाय मुंगून जातो, आणि ती पाय हलवत नव्हती.

दोन भाकरी झाल्या. एक मी खाल्ली, एक माझ्याबरोबर पोळ्या लाटायला येते त्या मुलीला दिली. तिनं विचारलं, ताई, हे पीठ कुठलं आणलंत, गोड लागतंय.

रात्री चुलतीला फोन केला. ती सत्तरीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं. जातं चालू केलं म्हटल्यावर ती एकदम ओरडून बोलायला लागली. मी तिला विचारलं, आजीला पंढरीला न गेल्याचं वाईट वाटायचं का? ती म्हणाली, पहिली काही वर्षं वाटायचं, दिंडी जेवून उठली की मागच्या दारी जाऊन उभी राहायची. पुढं नाही. पुढं तिनं त्या ओवीला दुसरी जोडली होती, तुला ठाऊक नाही का? मला ठाऊक नव्हती. चुलतीनं फोनवरच म्हटली. पहिल्यांदा नुसती सांगितली, मग मी ऐकू आलं नाही म्हटल्यावर चालीवर म्हटली. ऑर्डर लिहायच्या वहीच्या मागच्या पानावर घाईघाईनं लिहून घेतली ती अशी:

जेवून गेली दिंडी, माझ्या जात्याचं गं पीठ
पंढरीला जाऊन बाई बघून आलं वीट

भीमाकाठ दादा, तुम्ही विटेचं लिहिलंत त्याच्या तिसऱ्या दिवशी हा फोन झाला.

आषाढीच्या वारीत यंदा गावी जाणार आहे. घर पडलं असलं तरी भाऊ मागं पत्र्याचं शेड टाकतोय, दिंडीचं जेवण तिथंच होईल. जातं नेता येणार नाही, फार जड आहे. इथून रोज एक वाटी दळून डब्यात साठवायला लागलेय. दादा, ज्वारीचं पीठ किती दिवस टिकतं ते सांगाल का, की शेवटच्या आठवड्यातच दळावं?

---

टाकीचा-घाव

शेवटच्या आठवड्यातच दळा ताई. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी चिरते. आत्ता दळताय ते घरी खा, हाताला सवय होईल. निघायच्या आधी रोज दोन वाट्या. आणि खांदा दुखला की बाजू बदलून बसा, भोक दुसऱ्या अंगानंही झिजू द्या.